फुग्यांची फुले आणि रामाचा पाळणा

गेल्या चैत्रात जमिनीच्या वाटणीच्या एका कज्जाची जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी आम्हांस राजेश्वरास जावे लागले. पुण्याहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात हे गाव आहे. देवघरात मराठी, शेतात कानडी आणि बाजारात दखनी अशी येथील भाषांची सोयिस्कर वाटणी असून तीबद्दल मात्र आजवर कोणी दावा लावल्याचे ऐकिवात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले, काही भाग तेलुगू मुलखाकडे गेला आणि उरलेला भाग म्हैसूर राज्यात राहिला. त्या वेळी ज्या घरांतून मराठी अभंग म्हटले जात, त्या घरांतून ते आजही म्हटले जातात. फक्त शिधापत्रिका कानडीत येते.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गृहस्थ गावातील एका देवळाच्या पंचांपैकी एक. दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. जेवणे आटोपून आम्ही दप्तर उघडतो न उघडतो तोच यजमान म्हणाले, “वकीलसाहेब, कज्जा सकाळी पाहू. आत्ता जरा देवळाकडे चला. तिथे त्याहून मोठा कज्जा उभा राहिलाय.”

देवळात पाहतो तो मांडवाच्या मध्यभागी रामजन्माचा पाळणा टांगलेला, आणि त्याच्या चारी बाजूंस गुलाबी, पिवळी व पांढरी अशी मोठमोठी फुले. जवळ जाऊन पाहिले, तर ती फुले फुग्यांची. हैदराबादेस लग्नमांडव सजविणाऱ्यांच्या हाताखाली दोन वर्षे राबून परत आलेला गावातीलच एक तरुण आपल्या दहाबारा सोबत्यांसह संध्याकाळपासून ती करीत बसला होता. समोर पंचमंडळी बसली होती. त्यांतील वडीलधाऱ्या एका गृहस्थांना सारे गाव अप्पा म्हणते. त्यांच्या घराण्यात बाशिंगे करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, आणि रामाच्या पाळण्यासाठी भेंडाची फुले देण्याचा मानही त्यांच्याच घराचा. या वर्षीचीही फुले एका टोपलीत घालून त्यांनी आणली होती. पण टोपली ठेवावी तरी कोठे, हा प्रश्न होता, कारण पाळण्यावर जागाच उरली नव्हती.

अप्पांचे म्हणणे थोडके होते. “तोंडाने फुंकलेली वस्तू देवाच्या पाळण्याला? उष्टे फूल देवाला कुणी वाहिलंय कधी?”

तो तरुण नम्र खरा, पण निरुत्तर होणाऱ्यांतला नव्हता. “अप्पा, मग शंख कशाने फुंकतात? आणि बासरी?” थोडे थांबून तो म्हणाला, “शिवाय उद्या देवाचा वाढदिवसच की. लेकराच्या वाढदिवसाला फुगे नकोत होय?”

मांडवात हशा पिकला. अप्पा मात्र हसले नाहीत. पंचांनी आमच्याकडे पाहिले. फी न देता अभिप्राय मागणारे अशील आमच्या व्यवसायात नवीन नसतात. परंतु या वेळी प्रश्न असा होता की, आम्हांस स्वतःलाच त्याचे उत्तर ठाऊक करून घ्यावेसे वाटले. त्या रात्री आम्ही जे बोललो आणि परत आल्यावर जुनी पुस्तके चाळून त्यात जी भर घातली, ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

पहिला मुद्दा असा की, केलेली फुले ही काही आजची टूम नव्हे. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांस ही गोष्ट चटकन पटणार नाही. ज्यांच्या म्हार्दोळास महालसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा बांधली जाते, ज्यांच्या घरी चवथीला गणपतीवर रानातील फळाफुलांची माटोळी टांगली जाते, त्यांस फुलांचा दुष्काळ म्हणजे काय हे कसे कळावे? पण बालाघाटाच्या या माळावर चैत्र म्हणजे तूर आणि ज्वारी निघून गेलेली, विहिरींनी तळ गाठलेला आणि सावली शोधीत फिरणारी गुरे. अशा दिवसांत रामजन्म, हनुमानजयंती आणि लग्नसराई ही तिन्ही एकदम येतात. आज हैदराबादच्या गुडीमलकापूरच्या बाजारातील झेंडू आणि शेवंती रात्रीच्या गाडीने सकाळी येऊन पोहोचतात. मोटार नव्हती तेव्हा काय करीत असतील? जे फूल झाडावर नाही ते हाताने करीत.

आणि ते किती परींनी केले! बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून काढलेली वेलबुट्टी ज्यांनी पाहिली असेल त्यांस आमचे म्हणणे कळेल. सोळाव्या शतकात बरीदशाहीत झालेले हे काम अजून चमकते. जस्त आणि तांबे यांच्या ओतीव भांड्यावर चांदीच्या तारेची व पत्र्याची फुले ठोकून, किल्ल्यातील जुन्या मातीच्या द्रावणात ते भांडे काळे करण्याची बिदरी कला तर या जिल्ह्याचे नावच घेऊन जगभर गेली. ही झाली राजेरजवाड्यांची फुले. गरिबाघरची फुले दोन प्रकारची: कागदाची आणि भेंडाची. कागदाचा विस्तार येथे करीत नाही. पतंगी कागद, बेगड आणि खळ ही सामग्री आपल्या ओळखीची आहे, आणि गोव्यातील फोंडा महालाच्या देवळांतून नवरात्रात कीर्तनाच्या तालावर जे मखर झुलते त्याच्या कागदी शोभेचे वर्णन आमच्याहून वाचकच चांगले करतील.

भेंडाविषयी मात्र चार शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण ही वस्तू डोळ्यांआड होत चालली आहे. तळ्यांच्या आणि दलदलीच्या पाण्यात उगवणारे हे एक झुडूप. वरची तपकिरी साल काढली की आत शुभ्र, मऊ व पिसासारखा हलका गाभा निघतो. तो भेंड, आणि कानडीत बेंडु. कारागीर पातळ धारेच्या सुरीने हा गाभा फिरवीत फिरवीत सोलतो, तेव्हा कागदासारखी लांब पट्टी सुटत जाते. ती पट्टी कातरून, गुंडाळून, दोऱ्याने बांधून फूल होते. सुरी केसभर तिरपी झाली की पट्टी तुटते. बंगाल्यात याच वस्तूला शोला म्हणतात. तेथे नवरदेवाचा टोपर आणि दुर्गेच्या मूर्तीचा शुभ्र साज याचाच होतो. इंग्रज साहेब उन्हाळ्यात डोक्यावर जी सोला हॅट घालीत, तीही याच गाभ्याची. नवरदेवाचे बाशिंग आणि कलेक्टरसाहेबाची टोपी एका तळ्यातून निघावी यात आम्हांस मोठी मौज वाटते. दोन्ही धारण करणाऱ्यांच्या चेहऱ्यावरील भाव मात्र थोडेफार सारखेच असत. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांची आपल्याकडे आजही कमतरता नाही. पण ते बाशिंग कशाचे असते हे ठाऊक असलेले किती निघतील, याची शंका आहे.

हे सर्व ज्या प्रदेशात आपण बोलतो आहो, त्याचे स्मरण वकिलास झाल्यावाचून राहत नाही. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, येथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, जिच्या आधारावर पुढे आठशे वर्षे हिंदू कुटुंबांच्या वाटण्या झाल्या. आमचा राजेश्वरचा कज्जाही अखेर त्याच वडाची एक पारंबी आहे. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय उपभोगावे हे सांगताना घर, स्नान, तांबूल, वस्त्र यांच्या बरोबरीने माळांच्या उपभोगासही त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अर्थात बापाच्या दरबारात कायदा लिहिला गेला आणि मुलाने फुलांवर लिहिले. आम्हांस दोघांचेही साह्य घ्यावे लागले.

आता अप्पांच्या आक्षेपाकडे वळू. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू चालेल काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच खोलात जाऊन सोडविला आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’ या विषयाची चर्चा आहे. कोर्टात आपण जो शब्द वापरतो तोच हा. यज्ञास लागणारी साळ मिळाली नाही तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे देवभात, घ्यावे. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीका घ्यावी. पण या सवलतीला मर्यादा आहेत. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि क्रियेला चालत नाही. प्रतिनिधी मूळ वस्तूशी शक्य तितका सदृश असावा. आणि जी वस्तू मुळातच यज्ञास निषिद्ध ठरली आहे ती कितीही सदृश असो, प्रतिनिधी होऊ शकत नाही. म्हणून मुगाच्या जागी उडीद चालत नाही. घरच्या पूजेतदेखील वस्त्र किंवा अलंकार हाताशी नसला तर आपण अक्षता वाहून मोकळे होतो. तो याच न्यायाचा घरगुती अवतार.

हा न्याय फुलास लावून पाहू. वासलेले फूल देवास वाहू नये, जमिनीवर पडलेले वाहू नये, शिळे वाहू नये, हे नियम आपल्या घरातील लहान मुलीसही ठाऊक असतात. नुसता वास घेतल्याने जर फूल उष्टे होते, तर ज्याच्या पोटात माणसाचा श्वासच कोंडलेला आहे ते फूल कसे चालावे? अप्पांचा आक्षेप अडाणी नव्हता, शास्त्राला धरून होता, आणि आम्ही तसे भर सभेत म्हटले. त्या तरुणाच्या शंखाचे काय? शंख फुंकतात हे खरे. पण शंखाचा नाद देवास पोहोचतो, फुंकर नव्हे. आणि ज्या शंखातील पाण्याने पूजा होते तो शंख पूजेत निराळा ठेवलेला असतो, फुंकण्याचा निराळा, हा भेद पुजाऱ्याने लगेच दाखवून दिला. तेव्हा तरुण जरा वरमला; पण लगेच त्याने पिशवीतून एक हातपंप काढून पुढे ठेवला. एकाही फुग्यास त्याने तोंड लावले नव्हते! एवढे फुगे तोंडाने फुगवणे कोणाच्याही छातीस शक्य नाही, हे वास्तविक आमच्या आणि पंचांच्या आधीच लक्षात यावयास हवे होते. पुरावा घेण्यापूर्वी कायद्याचा कीस काढला की असे होते.

उष्टेपणाचा मुद्दा असा निकालात निघाला. मग कोणीतरी विचारले की, रबर म्हणजे शेवटी काय? त्याचा धर्म कोणता? याचे उत्तर इतिहासात आहे. रबर हा झाडाचा चीक. ब्राझीलच्या अरण्यातील त्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया हेन्री विकॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ साली लंडनजवळच्या क्यू येथील बागेत आणल्या. तेथून रोपे सिंहलद्वीपास आली, आणि १९०२ साली केरळात पेरियारकाठी थट्टेकाड येथे त्याचा पहिला मोठा मळा उभा राहिला. फुगा मात्र मळ्याहून जुना आहे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजन वायूवरील प्रयोगांसाठी रबराच्या दोन पातळ चकत्या एकावर एक ठेवल्या, आतील बाजू चिकटू नये म्हणून तेथे पीठ चोळले, कडा दाबून जोडल्या, आणि आत वायू भरला. पहिला रबरी फुगा तो हाच. म्हणजे जो फुगा आपण पोरखेळ म्हणून हिणवतो तो जन्मला प्रयोगशाळेत, आणि त्याच्या जन्माला आपल्या पोळपाटावरचे पीठ लागले. पुढल्याच वर्षी टॉमस हॅन्कॉकने घरी फुगे करण्याचे साहित्य विकावयास काढले. १८४७ साली लंडनच्या जे. जी. इंग्रॅमने गंधकाची प्रक्रिया केलेल्या रबराचे खेळण्यातले फुगे केले. ते उन्हाने चिकट होत नसत आणि थंडीने कडकही होत नसत. आजचा पातळ फुगा १९३१ चा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात नील टिलटसन याने पुठ्ठ्याचे मांजराचे डोके कापून ते द्रव चिकात बुडवले, आणि वाळल्यावर सोलून काढले तो कानांसह मांजराचा फुगा निघाला.

तेव्हा फुगा हा वनस्पतीचा रस असून प्लास्टिकच्या फुलासारखा खनिज तेलाचा वंशज नव्हे. पंचांपैकी एकाने यावर समाधानाने मान हलवली. आम्हांस मात्र येथे हात आखडता घ्यावा लागला, कारण झाडाचा चीक म्हणून तो लगेच मातीत मिळतो असे नाही. फुटलेल्या फुग्याचे तुकडे महिनोन्‌महिने पडून राहतात, गुरांच्या व पाखरांच्या पोटात जातात, आणि रांगत्या मुलाच्या घशात अडकले तर जिवावर बेततात. रामनवमीच्या मांडवात रांगती मुले कमी नसतात.

वाचकांपैकी ज्यांनी ही फुले कशी करतात हे पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी आम्ही पाहिले तेवढे सांगतो. लांबोडक्या फुग्याला या धंद्यात ‘२६०’ म्हणतात. पूर्ण फुगवल्यावर जाडी २ इंच आणि लांबी ६० इंच, असा त्या आकड्याचा अर्थ. तो फुगवताना शेपटाशी थोडा भाग रिकामाच ठेवतात, कारण पीळ देऊ लागले की हवेला सरकावयास जागा हवी. मग दोन्ही टोके बांधून कडे करतात, ते दाबून दोन समांतर नळ्या करतात, त्यांच्या तीन सारख्या घड्या घालतात आणि मधोमध मुठीत धरून पीळ देतात. घड्या उलगडल्या की सहा पाकळ्या तयार. हिरव्या दुसऱ्या फुग्याचा देठ करून त्याचे टोक मध्ये खोवतात. गोल फुग्यांचे फूल याहून सोपे, पण त्याला माप सांभाळावे लागते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून प्रत्येक फुगा त्यातून घालून पाहायचा, म्हणजे पाची सारखे उतरतात. दोघांची एक जोडी आणि तिघांची एक तिकडी गाठवून ती एकमेकींत पिळली की पाच पाकळ्या बसतात, आणि मध्ये दोन लहान पिवळे फुगे अडकवले की फूल सुटत नाही. या भागात चैत्रात उन्हाचा पारा चढतो हे त्या तरुणास हैदराबादेच्या अनुभवाने ठाऊक होते. फुगे जरा सैलच भरायचे, कारण रात्री ताठ भरलेला दुपारी टिकत नाही, असे त्याने आम्हांस सांगितले. हात इतके भराभर चालत होते की, आमची नजर मागे पडे; आणि पीळ देताना रबर जे करकरते, त्याने आमच्या अंगावर शहारे येत होते ते निराळेच.

त्या पोरांकडे पाहता पाहता आमचे मत बनत गेले, ते लपवीत नाही. पलीकडच्या एका मांडवात, कोणाचा ते सांगत नाही, प्लास्टिकच्या फुलांच्या तयार माळा गोणीतून काढून टांगल्या होत्या. गेल्या वर्षीही त्याच होत्या. धूळ तेवढी नवी होती. या देवळात बारा पोरे रात्र जागवून फुले करीत होती. मीमांसकांनी क्रियेला प्रतिनिधी नाही म्हटले, त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्री थोडासा उमगला. द्रव्य बदलेल, भेंडाच्या जागी कागद येईल, कागदाच्या जागी फुगा येईल. पण बसून करण्याचे काम गोणीस सांगता येत नाही. या कसोटीवर फुगा हा प्लास्टिकच्या माळेपेक्षा भेंडाच्या फुलाचा जवळचा नातलग ठरतो, असे आम्ही म्हटले. हे शास्त्रींना कितपत मान्य होईल ते त्यांनी सांगावे. आम्ही वकिलाच्या धिटाईने बोललो.

कायद्याचाही येथे संबंध आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लास्टिक कचऱ्यासंबंधीच्या नियमांत दुरुस्ती केली आणि १ जुलै २०२२ पासून काही वस्तूंवर बंदी घातली. त्या यादीत फुग्यांस लावण्याच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, आणि सजावटीचे थर्मोकोलही आहे. म्हणजे काडी गुन्हेगार, फुगा निर्दोष. थर्मोकोलची कमान बेकायदा आणि प्लास्टिकच्या फुलांची माळ मात्र त्या यादीत नाहीच. खऱ्या फुलांचे मळे करणाऱ्या शेतकऱ्यांनी याबद्दल तक्रार केली आहे आणि ती रास्त आहे, कारण सणासुदीस ज्या झेंडूवर घर चालायचे तो झेंडू त्या माळांमुळे बाजारात पडून राहतो. आम्ही तरुणास काड्यांविषयी विचारले. त्याच्याकडे काड्या नव्हत्या. तो दोऱ्यावर आणि मासेमारीच्या तंगूसावर भागवीत होता. तंगूस गुरांच्या पायात अडकतो, तेवढा सुतळीने बदलावा, असे आम्ही सुचवले, व त्याने ते लगेच मानले.

राहता राहिला प्रश्न पाळण्याचा. मांडव आणि पाळणा यांत फरक आहे. मांडव भक्तांसाठी, पाळणा देवासाठी. एक शोभा, दुसरी सेवा. शोभेला सदृश वस्तू चालते. सेवेत मूळ द्रव्य थोडे जरी मिळत असेल तर प्रतिनिधीचा प्रश्नच उद्भवत नाही. मोगऱ्याची एक ओंजळ तर यजमानांच्या परड्यातच होती. आणि अप्पांची टोपली? भेंडाचे फूलही शेवटी केलेलेच फूल, मग त्याला पाळण्यावर जागा का, असा प्रश्न तरुणाने टाकला. प्रश्न बिनतोड होता. आम्ही पंचांस एवढेच म्हटले की, शास्त्राने ज्याचा उलगडा होत नाही तेथे वहिवाट पाहावी, असे आमच्या कायद्यातही आहे. आणि अप्पांच्या घराची वहिवाट येथे बसलेल्या प्रत्येकाच्या आठवणीपेक्षा जुनी आहे. त्यावर तरुणाने फार ताणले नाही. तो उठला आणि पाळण्याभोवतीची फुले स्वतःच काढू लागला. गुलाबी कमळ काढताना ते फुटले, तेव्हा पुजाऱ्याच्या हातातील पळी खाली पडली.

अप्पा टोपली घेऊन पुढे आले. पांढऱ्या पाकळ्यांना फिकट जांभळी किनार असलेली ती फुले बोटभर उंचीची होती. मोजली तर एकवीस निघाली. “पूर्वी एकशेआठ करीत होतो,” ते म्हणाले. “भेंड आता बाहेरून मागवावं लागतं, आणि डोळेही राहिले नाहीत.” घरात दुसरे कोणी करते काय, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलवली. मुलगा पुण्यास कारखान्यात आहे, नातू शिकतो आहे. लग्नाची बाशिंगेसुद्धा आता बाजारातून तयार येतात, चकचकीत कागदाची.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्यास जन्म झाला. पाळण्यावर एकवीस भेंडाची फुले आणि मोगरा. खांबांना, कमानीला आणि दाराला फुग्यांची फुले. उन्हाने दहाबारा फुटली; त्यांतील एक नेमके कीर्तनकारांनी दीर्घ स्वर लावला असता फुटले, आणि त्यांनी स्वर न सोडता हात जोडले तेव्हा मांडवात मोठी गंमत झाली. संध्याकाळी पोरांनी रबराचे तुकडे वेचून एका डब्यात भरले. दुपारी मात्र तो तरुण बराच वेळ अप्पांच्या ओसरीवर दिसला; त्याच्या हातात सुरी होती आणि पायाशी तुटलेल्या पट्ट्यांचा ढीग.

रात्री पंचांनी पुढील वर्षांसाठी ठराव लिहून ठेवावयाचे ठरवले आणि मसुदा आमच्या गळ्यात पडला. तीन कलमे झाली: पाळण्यावर केवळ ताजी फुले व वहिवाटीची फुले असावीत, मांडवात फुग्यांची फुले हातपंपाने भरून, काडी व तंगूस न वापरता लावावीत आणि त्याच दिवशी तुकडे वेचावेत, प्लास्टिकच्या तयार माळा आणू नयेत. शाळेत जाणाऱ्या एका मुलाने सुवाच्य अक्षरात ते ठरावबुकात उतरवले. सह्या सुरू झाल्या. अप्पांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून पहिले कलम बोटाने वाचले आणि लेखणी खाली ठेवली. त्या मुलाने ‘भेंडाची फुले’ या जागी ‘थर्मोकोलची फुले’ असे लिहिले होते. त्याचा दोष नव्हता. पांढरी, हलकी, बोटाने दाबली जाणारी दुसरी वस्तू त्याने पाहिलीच नव्हती. अप्पांनी तो शब्द खोडावयास लावला, वर ‘भेंड’ असे लिहवून घेतले आणि मग सही केली. खाडाखोड झालेल्या दस्तावर दुरुस्तीची सही लागते, म्हणून समासात साक्षीदार या नात्याने आम्ही आमची केली.